ठाण्याला नेलेला माणूस कुठे शोधायचा?

प्रश्न : माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ डोक्यानं बिघडला म्हणून पन्नासेक वर्षांपूर्वी त्याला ठाण्याला नेलं. तो परत आलाच नाही. परदेशात अशा रुग्णांच्या निनावी कबरी शोधून नावं लावतात, असं ऐकलं. ठाण्याला तशी जागा आहे का? घरच्यांना त्याचा दिवस घालायचाय.
– एक वाचक, मोखाडा

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुमारे 25,000 रुग्ण पुरलेले आहेत. त्यांच्या उशाशी फक्त आकडा कोरलेल्या लोखंडी खुंट्या होत्या. गवत कापायला अडचण होते म्हणून माळ्यांनी त्याही उपटल्या. 1997 मध्ये पूर्वी तिथं रुग्ण राहिलेल्या माणसांनीच पुढाकार घेऊन त्या जागेची डागडुजी सुरू केली. ऑरेगन राज्यात तर साडेतीन हजारांवर रुग्णांची राख तांब्याच्या डब्यांत पडून होती. त्यांची नावं कोरलेलं स्मारक 2014 मध्ये झालं. हे जमलं, कारण रुग्णालयाच्या वहीत डब्यावरच्या आकड्यासमोर नाव होतं.

आपल्याकडे मात्र कबर शोधत हिंडू नका. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. जव्हार-मोखाडा 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणून आपली माणसं तिथंच जात. सरकारी रुग्णालयात माणूस गेला आणि ठरलेल्या मुदतीत नातेवाईक आले नाहीत, तर त्या देहाला बेवारस म्हणतात. असा देह वैद्यकीय महाविद्यालयाला विच्छेदनासाठी देण्याची तरतूद मुंबई शरीरशास्त्र अधिनियम, 1949 मध्ये आहे. नाहीतर सरकारी खर्चानं अंत्यविधी होतो. निरोप मोखाड्याच्या पाड्यावर पोचायला त्या काळी किती दिवस लागत असतील, याचा विचार करा. घरच्यांनी टाकलं असं त्यावरून कुणी म्हणू नये. एसटीचं भाडं नसणं आणि माया नसणं यात फार अंतर आहे.

म्हणून तुमचा शोध कागदात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 प्रमाणे मृत्यू जिथं झाला तिथं नोंदतात, मूळ गावी नाही. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची. तेव्हा मोखाड्याच्या दप्तरात नाव सापडलं नाही म्हणून थांबू नका. ठाणे महापालिकेच्या मृत्यू नोंदणी कार्यालयात शोध घ्यायचा अर्ज करा. कलम 17 प्रमाणे असा शोध कुणालाही घेता येतो आणि उतारा मिळतो. उताऱ्यात मृत्यूचं कारण मात्र देत नाहीत. दुसरा अर्ज मनोरुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे करा.

तिसरी वाट कोर्टाची, आणि ती सहसा कुणाला सुचत नाही. तेव्हा 1912 चा वेडेपणाविषयीचा कायदा चालू होता. पोलिसांना भटकताना सापडलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत आणि त्याच्या हुकमानं रुग्णालयात धाडत. तो हुकूम कुठंतरी नोंदलेला असणार. तुमचे आजोबा दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्यांपैकी असतील आणि भाऊही त्यांच्याबरोबर असेल, तर त्याला तिकडेच पोलिसांनी उचललेलं असू शकतं. मग हुकूम तिकडच्या कोर्टाचा.

नाव शोधताना मन मोकळं ठेवा. लिहिणारा कारकून शहरातला, सांगणारा वारली किंवा कोकणा, आणि तोही आजारी. महादूचा माधव झालेला असेल, आडनावाच्या जागी नुसती जात असेल, गाव म्हणून फक्त ‘जव्हार’ लिहिलेलं असेल. वडिलांचं नाव आणि अंदाजे वय जुळलं तर ती नोंद सोडू नका.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी मनापासून करतो. प्रत्येक मनोरुग्णालयानं आपल्याकडे मरण पावलेल्यांच्या नोंदी जपाव्यात आणि नातेवाईक आले तर त्यांना सन्मानानं दाखवाव्यात. बरे होऊनही घरचा पत्ता न लागल्यानं आत राहिलेली माणसं आजही आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. त्या कामाला 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिवंतपणी पत्ता लागला, तर पुढं नातवंडांवर असा शोध घ्यायची वेळ येत नाही.

अर्जात साल लागेल. ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला आकडा सांगता येणार नाही, पण बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, घरात तेव्हा कोण तान्हं होतं, हे ती नक्की सांगेल. त्या तान्ह्याचा शाळेचा दाखला काढा आणि त्यातल्या जन्मसालाच्या आगेमागची पाच वर्षं तपासायला सांगा.