घरची बिअर असोद्यापर्यंत: बाटलीमागे पडते कितीला?

डिसेंबर-जानेवारीत जळगावजवळच्या असोद्यात भरीताच्या वांग्यांचा हंगाम ऐन भरात असतो आणि अमेरिकेतली पोरंही नेमकी तेव्हाच सुटीवर येतात. त्यांतल्या काहींना तिकडे घरी बिअर बनवायचा नाद लागलेला असतो. तिथल्या केंद्रीय कायद्याने 1979 पासून त्याला मुभा आहे. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन बिअर करता येते, तीही घरच्यापुरती, विक्रीसाठी नाही. मग शेतातल्या भरीत पार्टीला स्वतःच्या हातची बिअर न्यायचा बेत ठरतो. बिअर बनवायला फार पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते वाटेत.

आणायची किती?

भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ड्युटीशिवाय 2 लिटर मद्य आणता येतं. त्यात बिअर, वाइन, व्हिस्की सगळं एकत्र मोजलं जातं. विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून काकांसाठी घेतलेली लिटरची बाटलीही त्यातच आली.

इथे बरेच जण फसतात. अमेरिकेतली नेहमीची बाटली 355 मिलीची असते. सहा बाटल्यांचे होतात 2,130 मिली, म्हणजे मर्यादेच्या 130 मिली वर. म्हणून बाटल्या पाचच घ्याव्यात. त्याहून बरा मार्ग म्हणजे घरगुती बिअरसाठी मिळणाऱ्या 500 मिलीच्या जाड प्लास्टिक बाटल्या. चार बाटल्यांत बरोबर 2 लिटर बसतात. जास्त आणायचीच असेल तर रेड चॅनलला जाऊन सांगावं आणि ड्युटी भरावी. लपवलेला माल सापडला तर जप्ती आणि दंड दोन्ही होतात.

बॅग भरताना

हातातल्या सामानात 100 मिलीच्या वरची बाटली चालत नाही, त्यामुळे बिअर चेक-इन बॅगेतच टाकावी लागते. 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयाला धोकादायक मालाचे निर्बंध लागू होत नाहीत आणि बिअर त्याच्या कितीतरी खाली असते. तरीही काही विमान कंपन्या दुकानातली सीलबंद बाटलीच मागतात. लेबल नसलेली बाटली काउंटरवर अडू शकते, तेव्हा तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्यावं.

विमानाच्या पोटात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच ठेवलेला असतो. नुसत्या उंचीमुळे धड बाटली सहसा फुटत नाही. ती फुटते आतल्या यीस्टमुळे. आंबण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत बाटली बंद केली तर गॅस वाढतच राहतो आणि ऊन लागलं की बूच तरी उडतं किंवा काच तरी तडकते. म्हणून बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटरचं माप दोन-तीन दिवस एकच येतंय ना, ते बघावं. प्रत्येक बाटली झिपच्या जाड पिशवीत घालून मोज्यात किंवा टॉवेलात गुंडाळावी आणि बॅगेच्या मधोमध ठेवावी. कडेला ठेवली की पहिला दणका तिलाच बसतो.

मुंबईनंतरचा फटका

मोठा खर्च होतो तो इथे. अमेरिकेच्या तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा चालत असतील आणि मुंबई-जळगाव तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर देशांतर्गत मर्यादा लागते. ती साधारण 15 किलोची. वरच्या 31 किलोंना किलोमागे 500 ते 700 रुपये धरले तरी साडेपंधरा ते जवळपास पावणेबावीस हजार जातात. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बहुधा आंतरराष्ट्रीय मर्यादाच पुढे चालते. तसं तिकीट मिळत नसेल तर रेल्वे परवडते. मुंबई-जळगाव अंतर सुमारे 420 किलोमीटर आहे आणि थ्री एसीत 40 किलो सामान मोफत नेता येतं.

अहमदाबाद किंवा सुरतमार्गे मात्र येऊ नये. तिकीट स्वस्त मिळेल आणि तापी लाइनची गाडी थेट जळगावला सोडेल, पण गुजरातेत दारूबंदी आहे.

गावात आल्यावर

महाराष्ट्रातही मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत आणि आजीवन 1,000 रुपयांत मिळतो. बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. परवान्याशिवाय इथे बिअर बनवणं मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतून यीस्ट आणि हॉप्स आणून असोद्याच्या मळ्यात पिंप लावायचा विचार करू नये.

एकूण हिशेब (2 लिटरसाठी)

- चार प्लास्टिक बाटल्या आणि झिपच्या पिशव्या: अंदाजे 15 ते 20 डॉलर
- बॅगेत वाढणारं वजन: सव्वादोन किलोच्या आसपास, काचेच्या पाच बाटल्या असतील तर सुमारे 3 किलो
- एकच तिकीट किंवा पुढे रेल्वे: सामानाचा जादा खर्च शून्य
- वेगळं तिकीट, बाकीची बॅग 15 किलोंनी भरलेली: निव्वळ बिअरपायी 1,100 ते 1,600 रुपये
- ड्युटी: 2 लिटरच्या आत शून्य
- परवाना: माणशी 5 रुपयांपासून

विमान कंपन्यांचे दर बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा पाहावेत. जादा वजन आधीच ऑनलाइन घेतलं तर बहुतेक कंपन्यांकडे ते काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

थोडक्यात, एकच तिकीट आणि चार बाटल्या असतील तर खुशाल आणावी. त्याच्या पुढे ती महाग पडत जाते. दोन लिटर म्हणजे चौघांना अर्धा-अर्धा लिटर, आणि भरीत पार्टीला चौघंच कधी नसतात. म्हणून घरची बिअर घोट-घोट चाखायला ठेवावी आणि बाकीची सोय जळगावच्या परवानाधारक दुकानातून करावी.