लोणारचे विवर आणि ऊर्जेचे रूपांतर

ऊर्जेची रूपे शिकविताना आपण फळ्यावर गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी अशी नावे लिहितो आणि मुले ती बिनचूक पाठ करतात. परंतु "थांबलेल्या बैलगाडीची ऊर्जा कोठे गेली?" असे विचारताच "संपली" हेच उत्तर बहुधा येते. हा समज दूर करावयास आपल्या जिल्ह्याजवळ एक अपूर्व साधन आहे, ते म्हणजे लोणारचे सरोवर.

हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून काठापासून जवळजवळ दीडशे मीटर खोल आहे. लवणासुराची कथा मुलांना ठाऊक असते. ती त्यांना अवश्य सांगू द्यावी. काही भूवैज्ञानिकही पुष्कळ काळ यास ज्वालामुखीचे मुख मानीत. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र, तळाखालून काढलेल्या बेसाल्टात आघाताच्या दाबाने काचरूप झालेले खनिज आढळल्याचे दाखविण्यात आले आणि विवर अशनिपाताचे ठरले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ही घटना सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची आहे. जुन्या पुस्तकांत सुमारे ५० हजार वर्षे असा आकडा आढळतो. त्याने गोंधळून जाऊ नये.

आता चौकस मुलगा विचारतोच, "गुरुजी, मग तो दगड कोठे आहे?" हाच प्रश्न पाठाचा गाभा समजावा. अशनीचा नेमका वेग आपण गृहीतच धरावयाचा. समजा, तो सेकंदास २० किलोमीटर होता. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे अर्धे. या हिशेबाने अशनीच्या प्रत्येक किलोग्रॅममागे २० कोटी ज्यूल ऊर्जा येते. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सुमारे ६८० किलोग्रॅम पाणी उकळीला येईल! ही ऊर्जा एका क्षणात मोकळी झाली. काही भागाने खडक फोडून उंच उडविला, काही भूकंपलहरी व ध्वनी होऊन दूर गेली, आणि फार मोठा भाग उष्णता झाला. त्या उष्णतेत अशनी बहुतांशी वितळून व वाफ होऊन विखुरला. दगड दिसत नाही, याचे कारण हे.

वर्गात याचे लहान रूप दाखविता येते. घमेल्यात चाळलेली कोरडी राख पसरावी व एकच गोटी प्रथम अर्ध्या मीटरवरून, मग एक मीटरवरून सोडावी. उंची दुप्पट झाली की ऊर्जा दुप्पट होते. खड्डा मात्र दुप्पट होत नाही. मापपट्टीने मोजून हे मुलांनीच शोधावे, आपण आधी सांगू नये. गोटी स्थिर झाल्यावर ऊर्जा कोठे गेली, हे विचारण्याची वेळ तीच. राख उडाली, आवाज झाला, हे मुले लगेच सांगतात. उष्णतेचे नाव सहसा कोणी घेत नाही, कारण येथे ती हातास जाणवत नाही.

त्यासाठी जाड खिळा दगडावर ठेवून शिक्षकाने हातोडीचे वीस-पंचवीस जोरदार घाव घालावेत आणि मुलांना तो मनगटाला लावून पाहू द्यावा. प्रथम स्वतः लावून पाहावा. चटका बसण्याइतका तापला असल्यास क्षणभर थांबावे. कपची उडण्याचा संभव असल्याने घाव घालताना मुलांना चार पावले मागे उभे करावे.