इंग्रजी शिकूया : पैसे कापले गेले, पण कापले कोणी?

मैत्रिणींनो, जूनच्या बैठकीत एका ताईने मोबाईल पुढे केला. बँकेचा मेसेज होता : ‘युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड बाय रुपीज ४३६.’ ताई घाबरलेली. “मी तर बँकेत गेलेच नाही, मग पैसे काढले कोणी?” प्रश्न बरोबरच होता. त्या वाक्यात काढणाऱ्याचं नावच नाही!

इंग्रजीत वाक्य दोन तऱ्हेने होतं. ‘द बँक डेबिटेड द मनी’ म्हणजे बँकेने पैसे कापले. करणारा आधी, हा ॲक्टिव्ह व्हॉइस. ‘द मनी वॉज डेबिटेड’ म्हणजे पैसे कापले गेले. इथे पैसे पुढे आले आणि करणारा गेला. हा पॅसिव्ह व्हॉइस. करणारा सांगायचाच असेल तर शेवटी ‘बाय द बँक’ म्हणतात. ताईच्या मेसेजमध्येही ‘बाय’ आहे, पण त्याच्यापुढे रक्कम आहे. तिथे अर्थ ‘४३६ रुपयांनी’ एवढाच. मीसुद्धा आधी इथेच फसले होते.

आपल्याला हे नवीन नाही बरं का. आपल्या इतिवृत्तात ‘कर्ज मंजूर करण्यात आले’ असं लिहितोच ना? कोणी केलं, ते खालच्या सह्यांवरून कळतं. मात्र शाळेतला कर्मणी प्रयोग इथे जसाच्या तसा लावू नका. ‘ताईने भाजी विकली’ हे मराठीत कर्मणी, पण इंग्रजीत ‘ताई सोल्ड व्हेजिटेबल्स’ हा साधा ॲक्टिव्हच.

पॅसिव्ह ओळखायची खूण म्हणजे इज, वॉज, बीन किंवा बी, आणि लगेच क्रियापदाचं तिसरं रूप : पेड, गिव्हन, डेबिटेड. काळ या छोट्या शब्दांत असतो. ‘वॉज डेबिटेड’, ‘हॅज बीन डेबिटेड’ म्हणजे कापून झाले. ‘विल बी डेबिटेड’ म्हणजे अजून कापायचे आहेत. हे ‘विल बी’ नीट वाचा. हप्ता असेल तर खात्यात पैसे ठेवायला वेळ मिळतो. आणि फोनवरचा माणूस “पैसे येतील, पिन टाका” म्हणत असेल, पण स्क्रीनवर ‘विल बी डेबिटेड’ दिसत असेल, तर पैसे येणार नाहीत, जाणार आहेत! येतात तेव्हा शब्द ‘क्रेडिटेड’ असतो, आणि पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

करणारा मेसेजमध्ये नसेल तर पासबुक भरून घ्या, बँकेत विचारा. फसवणूक वाटली तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० नंबरवर फोन करा.

ताईचे ४३६ रुपये जीवन ज्योती विम्याचे निघाले. फॉर्मवर सही तिचीच होती, दर वर्षी पैसे कापायची परवानगी त्यातच दिलेली. ती विसरून गेली होती.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या मोबाईलवरचा बँकेचा एक मेसेज वहीत उतरवून आणायचा. पिन किंवा ओटीपी असलेला नको! करणारा कोण, ते मिळून शोधू.