कान्हेरीच्या पोढी आणि आपण

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. अरण्य वन विभागाचे, लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची. तेथील ब्राह्मी शिलालेखांत राजांहून अधिक नावे आहेत ती कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची, गृहस्थांची, भिक्खुणींची. कुणी लेणे दान दिले, कुणी पाण्याची पोढी. (पोढी म्हणजे टाके, हा शब्द त्या लेखांतलाच.) कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी या पोढींत उतरते. पन्हळ बुजली, की दानाचा लेख उरतो आणि दान नाहीसे होते.

८७ क्रमांकाच्या लेण्याच्या परिसरात विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. एका सहलीत आमच्या विद्यार्थ्याने तेथील विटेचा तुकडा आठवण म्हणून खिशात घातला होता. आम्ही तो होता त्याच जागी परत ठेवविला. जागेवर तो स्तूपाचा पुरावा होता, घरी नेला असता तर निव्वळ वीट.

१९५८ च्या कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भिंतीवर नाव कोरणाऱ्यास आपण हा कायदा ऐकवतो, आणि वंदनेच्या वेळी त्याच भिंतीलगत मेणबत्ती लावतो. तिची काजळी अक्षरांवर बसते. यंदाच्या सहलीत मेणबत्त्या आम्ही वसतिगृहातच ठेवून जाणार आहोत.