दोष तेलाचा की बांगड्याचा?

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. तळलेले बांगडे खाल्ले की अर्ध्या तासात चेहरा आणि मान लालबुंद होते, डोके ठणकते, छातीत धडधडते. "डॉक्टर, तेल बाधतंय. शेंगदाण्याचं सोडलं, सूर्यफुलाचं आणलं, मग पामतेल. तरी तेच!" घरात इतरांना काही होत नव्हते. दोन दिवसांपासून त्यांनी क्षयाच्या गोळ्याही बंद ठेवल्या होत्या. म्हणे, उष्ण पडतात! मला काळजी वाटली ती याची.

तेल तीनदा बदलले, पण कढईत तिन्ही वेळा बांगडाच होता. तोही आठवडे बाजारातून दुपारी घेतलेला, बर्फ केव्हाच वितळलेला. हा त्रास हिस्टामिनचा. प्रथिनांतील हिस्टिडिन या घटकापासून ते बनते. तेला-तुपात प्रथिने जवळजवळ नसतातच. तिथे ते बनणार कशातून? (घाण्याच्या शेंगतेलात दाण्याच्या प्रथिनाचा अंश उतरू शकतो. ज्यांना दाण्याचीच अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते टाळावे. पण तो विकार निराळा.)

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते. मासा उबेला राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. एकदा ते तयार झाले की कितीही कडकडीत तळा, उकळा, ते जात नाही. नंतर फ्रीजमध्ये टाकूनही उपयोग नाही. मासा नासल्याचा वास येईलच असेही नाही.

अन्नातले थोडे हिस्टामिन आपले आतडे डायमाइन ऑक्सिडेज नावाच्या द्रव्याच्या साहाय्याने मोडून टाकते. काहींत हे द्रव्य कमी असते, दारूनेही त्याच्या कामात अडथळा येतो. आणि क्षयावरची आयसोनियाझिड ही उत्तम गोळीदेखील हिस्टामिन मोडण्याच्या कामात आड येते. म्हणून घरच्यांना पचलेला बांगडा या गृहस्थांना भोवला.

अशा वेळी सोडायचा तो मासा, गोळी नव्हे. क्षयाचे औषध मध्येच तोडले तर रोग उलटतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्या चालू असेतो वरचे मासे टाळावेत. एरवीही बर्फातलाच मासा घ्यावा आणि घरी आणताच शिजवावा. अंगावर लाली उठली तर डॉक्टरांना दाखवावे; श्वास लागला किंवा घेरी आली तर थेट इस्पितळ गाठावे.

क्षयकेंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून त्यांच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या. जाताना त्यांच्या पत्नीने विचारले, "मग ते पामतेल वापरू ना?" म्हटले, खुशाल वापरा, पण बेताने.