पन्हाळ्याला चैत्रात जायचं तर

शिगमा आटोपला की पेडणे-डिचोलीकडची अनेक कुटुंबं पन्हाळ्याचा बेत आखतात, आणि गड उंच म्हणजे थंड असं धरून भर दुपारी वर पोचतात. सकाळी सातला पेडणे सोडून आंबोली, आजरा करत कोल्हापूर गाठलं आणि पुढचे वीसेक किलोमीटर चढलं की बारा वाजतातच. पन्हाळा तीन हजार फुटांवर आहे आणि संध्याकाळचा वारा सुखाचा, हे खरं. पण चैत्रातली दुपार तिथेही तापलेलीच. "आम्ही किनाऱ्याची माणसं, उकाड्याला सरावलेली" हे उत्तर मला पटत नाही. आपल्याकडे अंग घामाने भिजतं, म्हणून पाणी आठवतं. घाटावरच्या कोरड्या वाऱ्यात घाम दिसायच्या आत सुकतो, तहान कळत नाही, आणि डोकं ठणकू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. पोरं नि म्हातारी माणसं आधी कोमेजतात.

मग पावसातच का जाऊ नये? हिरवळ हवी त्याने जावं. पण धुक्यात तट दिसत नाही, आणि पन्हाळा पाण्याच्या नि धान्याच्या तजविजीवर टिकला, हे उमजतं ते उन्हाळा तोंडावर असतानाच. सिद्दी जौहरचा वेढा मार्च १६६०मध्ये पडला. शिवाजी महाराज निसटले ते जुलैतल्या पावसाळी रात्री. मधले चार महिने गडाने कसे काढले, ते अंबरखान्यात आणि अंधारबावेत दिसतं. अंबरखान्याच्या कोठीला बाहेरून पायऱ्या आहेत. त्यांवरून माथ्यावर जायचं आणि छतातल्या भोकांतून धान्य आत ओतायचं. अंधारबाव तर तीन मजली इमारतीच्या पोटातच दडवलेली, म्हणजे पाण्याला ऊन लागत नाही आणि शत्रूलाही ते सहजी नासवता येत नाही. उन्हातून आत शिरताच अंगाला जो गारवा लागतो, तो कोणत्याही फलकापेक्षा जास्त सांगतो.

"दोन दरवाजे नि एक विहीर, अर्ध्या दिवसाचं काम" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हा गड आपल्यालाही परका नाही. १६६८मध्ये डिचोली महालातल्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या शिवाजी महाराजांचं ३ एप्रिल १६८०ला, चैत्र पौर्णिमेला, रायगडावर निधन झालं, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. पुढे कोल्हापूरकरांविरुद्ध पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून सावंतवाडीकरांनी १७८८मध्ये पेडणे त्यांच्या हवाली केलं. ज्या राज्याच्या धाकाने आपला महाल हातचा गेला, त्याची राजधानी आधी बराच काळ याच गडावर होती. हे सगळं परतीच्या घाईत बघता येत नाही. सुट्टी एकाच दिवसाची असेल, तर पन्हाळा पुढच्या वेळेला ठेवावा. दोन दिवस असतील तर दुपार कोल्हापुरात काढून उन्हं कलल्यावर वर जावं, मुक्काम करावा, पहाटे तीन दरवाजा आणि तटावरून फिरून घ्यावं, आणि ऊन चढलं की अंबरखाना, अंधारबाव असं सावलीतलं बघावं. पाणी माणशी मोजून गाडीत ठेवावं. आणि जोतिबाचं दर्शन हा हेतू नसेल, तर चैत्र पौर्णिमेचे दिवस टाळावेत. जोतिबाचा डोंगर पन्हाळ्याच्या शेजारीच आहे, आणि सासनकाठ्या घेऊन लाखोंनी निघालेल्या भाविकांचा त्या दिवशी त्या रस्त्यावर पहिला हक्क असतो.