फोनमध्ये दडलेला पहारेकरी

प्रश्न : मी कुठे गेले, कोणाशी बोलले, नवऱ्याला आधीच ठाऊक असतं. फोनमध्ये काही टाकलं असेल का?

उत्तर : शक्य आहे, ताई. पाळत ठेवणारं ॲप टाकायला फोन काही मिनिटं हाती लागला तरी पुरतं. आयकॉन दिसत नाही. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’च्या यादीत अनोळखी ॲप आहे का पाहा. ॲप तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट परस्पर बंद झालेलं असेल तर संशय बळावतो. कधी ॲप नसतंच, गूगल मॅप्सवर लोकेशन शेअर करून ठेवलेलं असतं! सापडलं तरी घाईने काढू नका. त्याला सुगावा लागेल, पुरावाही जाईल. लग्न म्हणजे पाळतीचा परवाना नव्हे. स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. सायबर पोलिसांकडे जा, मात्र पहिल्या भेटीला हा फोन घरीच ठेवा.